आधी वाट ठरवा, मग कपाट उघडा

प्रश्न : मी पन्नाशीची असून पुण्यात सहकारनगर भागातल्या चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत, तीन खोल्यांच्या घरात राहते. घरात यजमान आणि ७७ वर्षांच्या सासूबाई आहेत. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला असते. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. दर दसऱ्याला मी माळा रिकामा करायला घेते, रात्रीपर्यंत निम्म्या वस्तूंचाही निकाल लागत नाही आणि सगळे पुन्हा वर जाते. म्हणून या वर्षी रोज थोडेथोडे आवरायचे ठरवले. परंतु जुन्या सामानाची पिशवी चार महिने दाराआड उभी आहे आणि सासूबाई तिच्यातून एकेक वस्तू परत आत नेतात. परवा त्यांनी एक कान तुटलेली कढई परत आणली. ‘पानशेतच्या पुरात माझ्या माहेरचे सगळे गेले, तुम्हाला वस्तूंची किंमत नाही,’ असे त्या म्हणतात. यजमानांना रिकामी खोकी टाकवत नाहीत, मुलीची पुस्तके तशीच आहेत आणि सासऱ्यांच्या कागदांच्या दोन ट्रंका कोणी उघडलेल्याच नाहीत. सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. दीड-दोन वर्षांत भाड्याच्या घरात जावे लागेल. माझी पाठ आताशा फार दुखते. हे थोडेथोडे आवरणे खरोखर शक्य आहे का, की माणसे लावून एकदाच सगळे काढून टाकावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. थोडेथोडे आवरणे शक्य आहे, आणि ज्या घरात तीन पिढ्यांच्या वस्तू आहेत व त्यांतल्या बऱ्याच वस्तूंची मालकीण हयात आहे, त्या घरात तोच मार्ग धरावा असे माझे मत आहे. माणसे लावून दोन दिवसांत घर रिकामे करता येते, परंतु त्यानंतर सासूबाईंशी जो अबोला सुरू होईल तो नव्या इमारतीत राहायला गेल्यावरही टिकेल. मात्र तुम्ही ज्या रीतीने थोडेथोडे आवरता आहात तिच्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो तुमच्या पत्रातच दिसतो. नको असलेले वेगळे काढण्यात तुम्ही कुठे कमी पडलेल्या नाहीत. सामान निवडले गेले, पिशवीत भरले गेले, पिशवी दारापर्यंत आली. तिथे काम थांबले, कारण ती कोणाकडे, कोणत्या वारी आणि कोणाच्या हातून जायची हे ठरलेलेच नव्हते.

बहुतेक घरांत हेच होते. माळ्यावरची वस्तू दिवाणात जाते, दिवाणातली गॅलरीत, आणि पावसाळा तोंडावर आला की गॅलरीतली पुन्हा माळ्यावर. वस्तू घरातल्या घरात फिरत राहते, श्रम मात्र खरेखुरे झालेले असतात, आणि म्हणूनच इतके आवरूनही घर का आवरत नाही अशी निराशा येते. तेव्हा क्रम उलटा करा. कोणता खण आवरायचा हे आधी ठरवू नका. या आठवड्यात सामान घराबाहेर जाण्याची कोणती वाट मोकळी आहे ते आधी बघा आणि त्या वाटेने जाईल तेवढेच कपाटातून काढा. शनिवारी रद्दीवाला येणार असेल, तर त्या आठवड्यात फक्त कागदाला हात लावायचा. समोर साडी आली तरी तिची घडी मोडायची नाही. याच्या जोडीला एकच नियम पाळा : आधीची पिशवी उंबऱ्याबाहेर गेल्याशिवाय दुसरा खण उघडायचा नाही. पहिल्या महिन्यात हा नियम फार जाचक वाटेल आणि काम मुंगीच्या पावलाने चालले आहे असे वाटेल, पण जे बाहेर गेले ते परत येणार नाही, ही खात्री तुमच्या आजवरच्या कोणत्याच दसऱ्याने दिलेली नाही.

पुण्यात या वाटांची वाण नाही. रोजच्या सुक्या कचऱ्यात जाण्यासारख्या वस्तू, म्हणजे झाकणे हरवलेले प्लॅस्टिकचे डबे, हॉटेलातून आलेल्या पातळ डब्या, फुटके तसराळे, या तुमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना रोज थोड्या थोड्या देता येतात. शहराच्या मोठ्या भागात हे काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था करते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. जुने कपडे, लाकडी सामान, बिघडलेली उपकरणे यांच्या संकलनाचे उपक्रमही ही संस्था राबवते. तुमच्या भागात तसा दिवस कधी असतो, हे दारात येणाऱ्या ताईंनाच विचारा. त्यांना एकदम चार पोती देऊ नका, आणि फुटकी काच देताना ती जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून द्या; ती पिशवी कोणाच्या तरी हाताने उघडली जाणार असते.

कपड्यांच्या बाबतीत आपण सगळेच जरा अप्रामाणिक असतो. विरलेला गंजीफ्रॉक आणि तुटलेल्या चेनची पँट ‘गरिबाला होईल’ म्हणून गाठोड्यात घालणे हे दान नव्हे, ते आपले ओझे दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे झाले. धुतलेले, बटणे शाबूत असलेले, आपल्या ओळखीच्या माणसाला संकोच न वाटता देता येतील असे कपडे वेगळे काढा. १९९९ पासून काम करणारी ‘गूंज’ ही संस्था असे कपडे घेते आणि जुन्या सुती कापडाचा सॅनिटरी पॅडसाठीही उपयोग करते. त्यांचे पुण्यातले संकलन केंद्र आणि त्याच्या वेळा आधी विचारून घ्या, मगच कपाट उघडा. सासूबाईंची मऊ सुती नऊवारी असतील तर त्यांची गोधडी शिवून देणाऱ्या बायका आजही मिळतात, आणि चार लुगड्यांची मिळून एक गोधडी होते हा हिशेब सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. जरीच्या जुन्या साड्या मात्र बोहारणीच्या पुढ्यात टाकू नका. जरतार खरी असेल तर एका स्टीलच्या डब्यात तिचा सौदा करणे म्हणजे निव्वळ नुकसान आहे; दोन ठिकाणी ती दाखवून भाव विचारावा. उरले ओटीचे ब्लाऊजपीस. ते कोणी शिवत नाही, ते केवळ एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात, तेव्हा पुढच्या चैत्रगौरीपर्यंत लागतील तेवढे दहा-बारा ठेवून बाकीचे शिवणकाम शिकवणाऱ्या एखाद्या वर्गाला द्या. तिथे शिकाऊ मुलींना कापड कापायला हवेच असते.

भांडी ही सर्वांत फायद्याची आणि सर्वांत भांडणाची वाट. तांब्या-पितळेची भांडी दुकानदार मोडीच्या भावाने वजनावर घेतात, त्यातही घट धरतात, आणि नवे भांडे घेतले तर भाव थोडा बरा देतात, म्हणून लोक एक पातेले मोडीत घालून तीन डबे घरी आणतात. तुम्ही रोख पैसे घ्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी केलीत तर कोणते भांडे कल्हई करून वापरण्याजोगे आहे आणि कोणत्याचा पत्रा संपला आहे हेही कळेल. मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक भांड्याची कड उजेडात धरून बघा. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची पद्धत असल्यामुळे कोणाच्या मुंजीत, कोणाच्या डोहाळजेवणात, कोणी आणि कोणत्या साली ते दिले हे तिथे ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत असते. वापरून वापरून ती अक्षरे इतकी पुसट होतात की बोटाला लागतात, पण डोळ्याला दिसत नाहीत. ज्या भांड्यावरचे नाव घरातल्या कोणाला तरी ओळखू येते ते राहू द्यावे, आणि ज्यावरचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही ते खुशाल जाऊ द्यावे. घरोघरचा प्रत्येक अडकित्ता केळकर संग्रहालयात जाण्याच्या योग्यतेचा नसतो.

‘वर्षभर वापरली नाही ती वस्तू काढा’ असा एक नियम हल्ली सर्रास सांगितला जातो. तो आपल्या घरांना लागू पडत नाही. गौरीचे मुखवटे, मखराचे सामान, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र आणि सोवळ्यातली भांडी या वस्तू वर्षातून एकदा किंवा दोनदाच निघतात, आणि घरात सुतक असेल त्या वर्षी त्याही निघत नाहीत. म्हणून लागोपाठ दोन गणपती आणि दोन दिवाळ्या गेल्या तरी ज्या वस्तूची आठवण झाली नाही ती काढावी, असा हिशेब मी धरते. पन्नास पानांचा स्वयंपाक करण्याची पातेली मात्र या सवलतीत बसत नाहीत. तेवढी पाने तुमच्या तीन खोल्यांत आता बसणार नाहीत, आणि कार्य निघालेच तर पातेली भाड्याने मिळतात, किंबहुना स्वयंपाकच बाहेरून येतो.

आता सासूबाई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मग खडकवासल्याचेही फुटले, तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या असतील. नारायण, शनिवार या नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक कुटुंबांचे अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरले नाही. माणसे आधी शाळांमधून राहिली, मग निसेन हट म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरांमध्ये, आणि पुढे पूरग्रस्तांच्या वसाहतींत. ज्या मुलीने त्या वयात एका दुपारी घरातली तांदळाची कणगी आणि चूल दोन्ही गेलेली पाहिली, तिला ‘लागली तर नवी आणू’ हे वाक्य पोकळ वाटणारच. त्यानंतरची वर्षेही सुबत्तेची नव्हती. १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या रांगा, गॅससाठी नंबर लावून वाट पाहणे, या सगळ्यांत ज्यांनी संसार केला त्यांच्या दृष्टीने तुटकी कढईसुद्धा कुंडीखाली ठेवायला उपयोगी पडते, आणि खरे सांगायचे तर पडतेही. तेव्हा त्यांना ‘कशाला हवी ही अडगळ’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर आहे, आणि ते तुमच्या प्रश्नापेक्षा भक्कम आहे.

माझा अंदाज असा, की वस्तू जाण्याला त्यांचा जितका विरोध आहे त्याहून ती वाया जाण्याला अधिक आहे. दाराआडची पिशवी कोणाची, कुठे जाणार, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्यांच्या लेखी ती कचऱ्यात चालली आहे, आणि म्हणून त्या तिच्यातून वस्तू सोडवून आणतात. त्याऐवजी घेणारे माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभे करा. ‘आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या भाचीने वेगळा संसार मांडला आहे, तिच्याकडे परात नाही,’ असे म्हणून बघा. परात तर निघेलच, शिवाय तिच्याबरोबर दोन पातेली आणि एक झारा त्या आपण होऊन काढतील. शक्य असेल तेव्हा देण्याचे काम त्यांच्याच हातून होऊ द्या. ज्या घरात वर्षानुवर्षे देणे-घेणे त्यांच्या शब्दाने चालले, तिथे त्यांच्या वस्तू त्यांच्या अपरोक्ष पिशवीत जाऊ लागल्या तर माणूस पिशवीवर पहारा ठेवणारच.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने करा. पहिली, त्यांचे स्वतःचे कपाट, त्यांची पेटी आणि उशाशी असलेला डबा यांना त्यांनी सांगितल्याशिवाय हात लावू नका, त्या देवदर्शनाला गेल्या असतानाही नाही. मागाहून त्यांना कळतेच, आणि मग घरातली न सापडणारी प्रत्येक वस्तू तुम्ही टाकली असे ठरते. दुसरी, सुरुवात स्वतःच्या वस्तूंपासून करा. तुमच्या पत्रात सासूबाईंची कढई आहे, यजमानांची खोकी आहेत, मुलीची पुस्तके आहेत, सासऱ्यांचे कागद आहेत. तुमचे स्वतःचे असे काहीच नाही, आणि तीन खोल्यांच्या घरात हे संभवत नाही. तुमच्या लग्नातल्या, आता ब्लाऊज न होणाऱ्या साड्या, कधीतरी भरतकाम करायचे म्हणून आणलेले दोऱ्यांचे गुंडे, पाककृतींची कात्रणे, यांतून तीन-चार पिशव्या सगळ्यांच्या देखत बाहेर गेल्या की घरातल्या इतरांना बोलण्याचा तुमचा अधिकार आपोआप वाढेल. ती कान तुटलेली कढई मात्र राहू द्या. एका कढईने घर भरत नाही, आणि एवढ्या वस्तूंतून त्यांनी तीच परत आणली त्याअर्थी तिच्यामागे काहीतरी असेल. कधी स्वस्थपणे विचारून बघा.

यजमानांच्या खोक्यांचा निकाल लवकर लागण्यासारखा आहे. वॉरंटीसाठी सहसा बिल मागतात, खोके नव्हे. बिलांचा मात्र एक घोटाळा आहे : दुकानातली गुळगुळीत कागदावरची छापील बिले वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, आणि मिक्सर बिघडला म्हणून फाइल उघडावी तर हातात कोरी पांढरी पट्टी येते. म्हणून प्रत्येक बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याचे काम यजमानांकडे सोपवा आणि बदल्यात खोकी मागून घ्या. टीव्हीचे खोके त्यांनी आतल्या थर्मोकोलसकट जपले असेल, तर ते त्यांना ठेवू द्या. दीड-दोन वर्षांत घर हलवायचे असताना ते खरोखरच लागेल. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट आणि विशेषतः फुगलेल्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवा. फोन देण्यापूर्वी त्यातले फोटो आणि बँकेची माहिती पुसायला विसरू नका.

मुलीला व्हिडिओ कॉल लावा आणि एका वेळी एकच फळी दाखवून ‘ठेवू की देऊ’ एवढेच विचारा. महाविद्यालयीन पुस्तके अभ्यासक्रम बदलण्यापूर्वी अप्पा बळवंत चौकात नेली तर काही पैसे येतात. अभ्यासक्रम बदलल्यावर तीच पुस्तके रद्दीच्या तागडीत जातात. तिने ठेवायला सांगितलेल्या वस्तूंसाठी एक मध्यम आकाराचे खोके ठरवा, आणि त्यात मावणार नाही ते पुढच्या दिवाळीला ती येईल तेव्हा तिने बरोबर न्यावे, हे आताच सांगून ठेवा.

सासऱ्यांच्या ट्रंका मी मुद्दाम मागे ठेवल्या, पण तुमच्या घरात सर्वांत तातडीचे काम तेच आहे. पुनर्विकासाची बोलणी पुढे सरकली की सोसायटी आणि विकसक मूळ कागद मागतील : सदनिकेचा करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. भागप्रमाणपत्रावर अजून सासऱ्यांचेच नाव असेल, तर वारसांच्या नावे हस्तांतरण करून घ्यायला वेळ लागतो, आणि ते काम करार समोर आल्यावर घाईने करण्यासारखे नाही. सोसायटीच्या सचिवांना आणि एखाद्या वकिलाला आताच विचारा. मृत्यूच्या दाखल्याच्या अधिक प्रती काढून ठेवा. मृत्युपत्र असेल तर तेही याच ट्रंकांत सापडण्याचा संभव आहे, म्हणून कोणताही लिफाफा न उघडता बाजूला टाकू नका.

ट्रंका उघडताना पहिल्या बैठकीत कागद वाचू नका, फक्त लावा. घर, बँक व विमा, पेन्शन, कर, दवाखाना, पत्रे व वह्या असे ढीग करा. गंजलेल्या टाचण्या आणि तारेच्या आकड्यात ओवलेली बिले हातमोजे घालून सोडवा, कारण त्या टाचण्या बोटात चांगल्याच जातात, आणि कागदाला कसर लागली असेल तर तो गठ्ठा गॅलरीत झटकूनच आत आणा. वीज, फोन आणि गॅसची जुनी बिले, मुदत संपलेल्या हमीपत्रिका, लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या सभांच्या नोटिसा यांचा पहिल्याच दिवशी रद्दीत निकाल लावा. एक ट्रंक तेवढ्यानेच अर्धी होईल असा माझा होरा आहे. ज्यांवर आधार, पॅन किंवा खाते क्रमांक आहेत ते कागद मात्र फाडूनच द्या.

बँकेचे एखादे जुने, कोपरे दुमडलेले पासबुक सापडले तर ते टाकू नका. ज्या खात्यावर दहा वर्षे कसलाच व्यवहार झाला नाही त्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, परंतु वारसांना ती बँकेमार्फत परत मागता येते, आणि अशी ठेव आहे का हे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. शेअरची कागदी प्रमाणपत्रे निघाली तरी हरखून किंवा हिरमुसून जाऊ नका. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात, आणि तिथूनही वारसांना दावा करता येतो. कंपनीचे नाव बदलले असेल, कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तरी कागद जपा आणि माहितगाराला दाखवा. प्राप्तिकराची विवरणपत्रे गेल्या आठ वर्षांची ठेवली म्हणजे पुरे. त्याहून जुन्यांपैकी घर, जमीन किंवा शेअर कितीला घेतले हे सांगणारा कागद तेवढा ठेवावा, कारण ती मालमत्ता विकताना भांडवली नफा काढायला तो लागतो. बाकीच्या वर्षांचे जाऊ द्या.

पत्रे, डायऱ्या आणि फोटो यांच्यावर पहिल्या वर्षी निर्णयच घेऊ नका. त्यांना फार जागा लागत नाही, आणि त्यांत गुंतलात तर उरलेली ट्रंक तशीच राहील. फोटोंच्या बाबतीत एक काम मात्र आताच करण्यासारखे आहे, आणि ते तुमच्या घरात एकटे कोणी करू शकत असेल तर त्या सासूबाईच. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक फोटोत कोण कोण आहे ते विचारा आणि फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ज्यांतली माणसे त्यांनाही ओळखता येत नाहीत असे फोटो बाजूला काढायला त्यांचीही हरकत नसेल. आठवड्यातली एक दुपार या कामाला दिलीत, तर दाराआडच्या पिशवीवरून होणारी तुमची वादावादी निम्मी कमी होईल असे मला वाटते, कारण त्या दुपारी निवाडा त्यांच्याकडे असेल.

बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या करताना आत येण्याच्या वाटांकडेही थोडे बघा. संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या चाळण्या आणि डब्या वाटण्याऐवजी गूळ, अंगाचा साबण किंवा हळदीची पुडी द्या. पुष्कळ घरे मनातल्या मनात तुम्हाला दुवा देतील. आणि कृपा करून सामान नीट राहावे म्हणून नवे प्लॅस्टिकचे खोके, कप्पे किंवा दिवाण घेऊ नका. भाड्याच्या घरात माळा असेलच असे नाही. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि तिथल्या कपाटांची लांबी-रुंदी लिहून आणा. तो कागद स्वयंपाकघरात चिकटवलात तर काय ठेवायचे यावरचे बरेच वाद त्या आकड्यांनीच मिटतील.

ऋतूचाही विचार करा. गाद्या, गोधड्या, लोकरीचे कपडे आणि कागद पावसाळ्यात उघडू नयेत, दमट हवेत ते पुन्हा बांधले की वास धरतात. पावसाचे चार महिने स्वयंपाकघर, औषधांचा डबा आणि डिजिटल पसारा यांना द्या. माळा आणि ट्रंका दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत काढा. मुदत संपलेली औषधे मोरीत ओतू नका. त्यांची पाकिटे कात्रीने कापून, बाकीच्या कचऱ्यापासून वेगळी, घरगुती घातक कचरा म्हणून द्या.

राहिला माणसे लावण्याचा प्रश्न. काय ठेवायचे हे ठरवायला परके माणूस लावू नका, पण माळ्यावरून ट्रंका आणि पातेली खाली उतरवायला जरूर लावा. इमारतीचे वॉचमन किंवा ओळखीचा एखादा मजूर तासाभरात हे काम करून देईल, आणि त्याचे पैसे पाठीच्या औषधांहून कमी असतील. त्याला बोलावण्यापूर्वी त्या दिवशी खाली उतरलेले सामान कोण नेणार हे ठरलेले असू द्या, आणि न जाणारे सामान वर चढवायला तोच माणूस संध्याकाळी पुन्हा येईल, हेही त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. स्टुलावर तुम्ही चढायचे नाही, आणि सासूबाईंनी तर नाहीच नाही.